संशोधनाचं पोस्टर छापायला राजारामपुरीत

मराठीतून संशोधन मांडणाऱ्या मुलांनी पोस्टर छापायचं कुठे, हे मला दर हिवाळ्यात कोणी ना कोणी विचारतंच. माझं उत्तर आता ठरलेलं आहे: कोल्हापुरात, राजारामपुरीत, मुख्य रस्त्यावरून आत वळणाऱ्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर असलेलं डीटीपीचं दुकान. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण मालकांनीच तशी विनंती केली आहे. "मॅडम, फेब्रुवारीत आधीच जिन्यापर्यंत पोरं उभी असतात," असं ते म्हणाले. पण विद्यापीठाच्या वसतिगृहात 'थीसिसवाल्या ताईंचं दुकान' असं विचारलं की वाट सांगणारं कोणीतरी भेटतं.

मी शिरोळ तालुक्यातल्या एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. आमची मुलं शिवाजी विद्यापीठातल्या विद्यार्थी परिसंवादाला जातात, आविष्कार या आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धेच्या फेऱ्यांना जातात. घरी ऊस, गोठा, नाहीतर इचलकरंजीच्या मागावर जाणारं कोणीतरी, अशा घरांतली ही मुलं. मुलाखती ती मराठीत घेतात, टिपणं मराठीत काढतात, वहीच्या समासात त्यांचे प्रश्नही मराठीतच लिहिलेले असतात. आणि मांडायची वेळ आली की सल्ला मिळतो, पोस्टर इंग्रजीत करा, सोपं जातं. त्यामागचं खरं कारण पुष्कळदा विद्वत्तेचं नसतंच, छपाईचं असतं. मराठी अक्षरं तुटतात म्हणून मुलं आपलं काम उसन्या इंग्रजीत कोंबतात आणि मग परीक्षकांसमोर ते पाठ म्हणतात. मला याचा मनापासून राग येतो. म्हणून या दुकानाबद्दल जरा सविस्तर लिहिते.

अक्षरं तुटतात म्हणजे काय होतं, ते मी एका दुसऱ्या दुकानात पाहिलं आहे. आमच्या एका गटाचं शीर्षक होतं 'ऊसतोडणी करणाऱ्या कुटुंबांतील मुलींचे शिक्षण'. फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे हल्ली फोनवर-संगणकावर सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत होती. तिथल्या जुन्या कोरलड्रॉमध्ये मजकूर चिकटवल्यावर पहिल्या वेलांट्या अक्षराच्या भलत्या बाजूला जाऊन बसल्या, जोडाक्षरं सुटी होऊन पाय मोडलेली दिसायला लागली, आणि 'करणाऱ्या'तला आडवा र नाहीसा झाला. मग ऑपरेटरने घाईघाईत सगळा मजकूर श्रीलिपी या जुन्या टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये नव्याने टाइप केला. त्यात शुद्धलेखनाच्या चुका शिरल्या आणि सारणीतली एक ओळ खालच्या रकान्यात सरकली. दुसऱ्या दिवशी त्या मुलीला बोलायला मिळालेल्या मोजक्या मिनिटांतली पहिली मिनिटं छपाईचा खुलासा करण्यात गेली. महिनोन्‌महिने फडावर जाऊन केलेलं काम होतं ते.

राजारामपुरीच्या दुकानात हे होत नाही, कारण तिथे मजकूर आधी वाचला जातो. दुकान दोघं चालवतात. काका मशीन सांभाळतात, आणि संगणकावर ताई बसतात. ताईंनी मराठी-इंग्रजी टायपिंगच्या सरकारी परीक्षा दिल्या आहेत आणि कित्येक वर्षं पीएच.डी.चे प्रबंध टाइप केले आहेत. इतिहासाचे, मराठीचे, शिक्षणशास्त्राचे आणि समाजशास्त्राचेही. गृहीतकं, उद्दिष्टं, नमुना निवड, निष्कर्ष, शिफारशी हा क्रम त्यांच्या बोटांत आहे. पोस्टर उघडलं की त्या मांडणीला हात लावत नाहीत. आधी वरपासून खालपर्यंत वाचतात, तेही ओठ हलवत, आणि अडलं की खुर्ची वळवून मुलांना विचारतात. घाईत असलेल्या मुलांना हे नको वाटतं. माझ्या मते त्या दुकानातली सगळ्यात मोलाची सेवा हीच आहे, आणि तिचे वेगळे पैसे ते घेत नाहीत.

गेल्या परिसंवादातली आमची दोन पोस्टर इथेच झाली. एक मुलींचं, एक मुलांचं.

मुलींचा विषय हेरवाडचा. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा असं सांगितलं. तेव्हा वर्तमानपत्रं भरून बातम्या आल्या. आमच्या मुलींना पुढचं हवं होतं. ठरावानंतर आसपासच्या गावांत घराच्या आत काय बदललं? हळदीकुंकवाला बोलावणं येतं का? लग्नात पुढे उभं राहता येतं का? एकटीने बाजाराला जाताना टिकली लावलेली असते का, आणि माहेरी गेल्यावर? प्रश्न साधे, पण ते विचारायला जायचं म्हणजे कुणाच्या तरी उंबऱ्यावर तासन्‌तास बसायचं. मुली बसल्या.

पोस्टरच्या पहिल्या मसुद्यात मधोमध एका बाईचा मोठा फोटो होता. ताईंनी पहिला प्रश्न विचारला तो त्याबद्दल. "हिला विचारलंय का गं, फोटो लावू का म्हणून?" मुली म्हणाल्या, मुलाखतीला हो म्हणाली होती. ताई म्हणाल्या, "मुलाखतीला हो म्हणणं वेगळं. आम्ही श्रद्धांजलीचा बोर्ड करतो ना, तिथंसुद्धा फोटो कुठला लावायचा ते घरच्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय मशीनला देत नाही." संशोधनातल्या संमतीवर मी वर्गात दोन तास घेते. इथे ती धंद्याच्या रोजच्या रिवाजातून आली आणि मुलींच्या मनावर जास्त ठसली, हे मी समोर बसून पाहिलं. फोटो गेला. त्या जागी मुलींनी वहीत काढलेली एका हळदीकुंकवाच्या बैठकीची रेखाकृती आली: कोण कुठे बसलं, दाराजवळ कोण, आत कोण. पोस्टरवरची सगळ्यात बोलकी गोष्ट तीच ठरली.

दुसरा प्रश्न वर्तुळाच्या आलेखाचा. 'बदल न होण्याची कारणे' असा तो आलेख होता आणि त्यातले टक्के मिळून शंभराच्या बरेच वर जात होते. प्रत्येक बाईने एकाहून अधिक कारणं सांगितली होती, त्यामुळे बेरीज तशी येणं बरोबरच होतं, पण मग वर्तुळ चुकीचं. अख्ख्याचे भाग दाखवायचे तेव्हाच वर्तुळ वापरायचं. ताईंना संख्याशास्त्राचं नाव माहीत नसेल, पण प्रबंधांतल्या शेकडो सारण्या टाइप करून बेरीज करून बघायची सवय त्यांना लागली आहे. मुलींनी तिथेच बसून आडव्या पट्ट्यांचा आलेख केला आणि खाली लिहिलं, 'एकापेक्षा अधिक उत्तरे ग्राह्य'.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पोस्टरवर बायकांची चार-पाच अवतरणं होती. ती वाचून ताई म्हणाल्या, "ही वरची बाई सगळं चांगलंच चाललंय म्हणते, आणि खालची रडायला आलेली दिसते. वरची बोलत असताना शेजारी सासू होती का?" मुलींनी एकमेकींकडे पाहिलं आणि वही काढली. होती. कोणत्या मुलाखतीच्या वेळी घरातलं कोण हजर होतं, हे त्यांनी दर वेळी टिपलेलं होतं, मीच ते सांगितलं होतं, पण पोस्टरवर जागा पुरणार नाही म्हणून गाळलं होतं. ताईंनी संदर्भांची यादी लहान करून ती जागा काढून दिली. प्रत्येक अवतरणाखाली बारीक अक्षरांत आलं: 'एकटी असताना', 'सासू समोर', 'दीर ओसरीवर'.

आता छपाई. आमच्याकडे एक मीटर बाय एक मीटर हे माप रूढ आहे, आविष्कारमुळे ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलं आहे. मुलं पॉवरपॉइंटमध्ये नेहमीच्या आडव्या पानावर काम करतात आणि छापताना ते चौकोनात ताणलं की अक्षरं उंच आणि बारीक होतात. पानाचं माप सुरुवातीलाच शंभर सेंटिमीटर बाय शंभर करून घ्यायचं, हे इथे दाराशीच लिहून लावलेलं आहे. फाइल पीडीएफ करून, फॉन्ट आत घेऊन न्यायची. शीर्षकासाठी ताई 'टिरो देवनागरी मराठी' वापरतात, त्यात पाकळीचा ल आणि शेंडीचा श येतो, जो आपल्या शाळेच्या पुस्तकातला आहे. मजकुराला 'मुक्ता'. दोन्ही फुकट मिळतात आणि 'ऱ्या' दोन्हींत नीट उमटतो. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोबद्दलही त्या सांगतात: तो साधारण १६०० पिक्सेलचा उरतो, वीतभर आकारात चालतो, पण पार्श्वभूमी म्हणून मीटरभर ताणला की फुटून धूसर दिसतो. मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा.

कशावर छापायचं, याचे पर्याय तीन. फ्लेक्स स्वस्त, पण त्याची चमक आणि वास दोन्ही सभागृहात नकोसे होतात, आणि कार्यक्रमानंतर त्याचं करायचं काय हा प्रश्न उरतो. सनबोर्डवर, म्हणजे फोमच्या हलक्या पाटीवर चिकटवलेलं विनाइल दिसायला देखणं, पण कुरुंदवाडहून एसटीने येणाऱ्या मुलांनी मीटरभर बोर्ड धरून उभं कसं राहायचं? आम्ही घेतो ते मॅट लॅमिनेशनचं विनाइल, गुंडाळून नेता येतं. मॅटच सांगा. ग्लॉसीवर ट्यूबलाइट पडली की मधला मजकूर पांढरा होतो. एका पोस्टरचे आमचे ४०० रुपयांच्या आत गेले. गुंडाळी घालायला काका संपलेल्या रोलचा पुठ्ठ्याचा पाइप फुकट देतात.

याच काकांनी केलेली एक गोष्ट मी सगळ्या शिक्षकांना सांगत असते. त्यांच्याकडे विनाइलचा रोल तीन फुटी येतो किंवा चार फुटी. एक मीटर म्हणजे तीन फुटांहून जरा जास्त, त्यामुळे आपलं पोस्टर चार फुटी रोलमधूनच काढावं लागतं आणि कडेला वीतभर रुंद, मीटरभर लांब पट्टी वाया जाते. काकांनी मुलींना विचारलं, "यावर काय छापू? ज्या बायकांशी बोललात, त्यांना तुम्ही परत काय देणार?" मुलींनी मग मोठ्या अक्षरांत, कुणाचं नाव-गाव न येऊ देता, आपल्याला काय कळलं ते दहा ओळींत लिहिलं. शाईचे म्हणून काकांनी थोडे पैसे घेतले. ती पट्टी आता एका गावच्या वाचनालयात लावलेली आहे. समाजशास्त्राचे विद्यार्थी गावात येतात, प्रश्न विचारतात आणि परत कधी दिसत नाहीत, ही तक्रार मी माझ्या घरातसुद्धा ऐकली आहे. तिच्यावरचा इतका सोपा उपाय मला एवढ्या वर्षांत सुचला नव्हता.

परिसंवादाच्या दिवशी पोस्टरसमोर मुली उभ्या राहिल्या तेव्हा मी मुद्दाम लांब थांबले. मराठी पोस्टर मोजकीच होती. एक परीक्षक बाहेरच्या विद्यापीठातून आलेल्या बाई होत्या. त्यांनी शीर्षक वाचलं, आलेख ओलांडला आणि त्या अवतरणांपाशी थांबल्या. बारीक अक्षरं वाचायला त्यांनी चष्मा वर केला. मग त्यांनी विचारलं, "एकटी असताना आणि सासू समोर असताना, एकाच बाईशी दोन्ही वेळा बोललात का?" बोलल्या होत्या, काही जणींशी. त्यावर आमच्या मुलींनी जे सांगितलं ते पाठ केलेलं नव्हतं. कुठल्या बाईने दुसऱ्या भेटीत आवाज उतरवला, कुणी चहा टाकायच्या निमित्ताने चुलीपाशी नेऊन सांगितलं, आणि ठराव म्हणजे नक्की काय झालं हे कुणी उलट त्यांनाच विचारलं. हे सगळं शिरोळच्या बोलीत आलं, बायकांच्याच शब्दांत. ते इंग्रजीत त्यांना सांगताच आलं नसतं, आणि इंग्रजी पोस्टरसमोर उभं राहून मराठीत बोलायचा धीरही झाला नसता. दुसऱ्या परीक्षकांनी वेगवेगळ्या जातींत हा बदल सारखाच आहे का, असं विचारलं. तो अभ्यासाचा पुढचा टप्पा आहे, असं मुलींनी सरळ सांगितलं आणि त्यासाठी कोणत्या वस्त्यांत जायला लागेल तेही. क्रमांकाचं मी इथे लिहीत नाही. त्या बाईंनी मुलींकडून प्रश्नावलीची प्रत मागून घेतली, माझ्या लेखी तो मोठा मान होता.

मुलांचं पोस्टर पुराचं होतं. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि शिरोळच्या कितीतरी गावांना दोन्ही नद्यांचं पाणी घेरतं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, अशा दोन महापुरांत घर सोडताना आधी कोण निघालं, जनावरांपाशी मागे कोण राहिलं, भाडेकरूंना निरोप कधी मिळाला, हा विषय. मुलांनी गावाचा नकाशा हाताने काढून त्यावर दोन्ही वर्षांच्या पाण्याच्या रेषा दाखवल्या होत्या, एक निळी आणि एक जांभळी. इथे मात्र दुकान कमी पडलं. पडद्यावर वेगळे दिसणारे ते दोन रंग विनाइलवर जवळजवळ एकच उमटले. छपाईच्या शाईत निळा-जांभळा असा फसवा येतो, हे काकांना माहीत असणारच, पण त्यांनी आधी सांगितलं नाही आणि छोटा नमुना काढून दाखवला नाही. नमुना मागितला तरच मिळतो. आम्ही वेळ हातात ठेवून गेलो होतो म्हणून एक रेषा तुटक करून पोस्टर पुन्हा छापता आलं, पण दुसऱ्या छपाईचे पैसे अर्धे आम्हाला भरावे लागले. मला ते योग्य वाटलं नाही आणि मी तसं त्यांना सांगितलं. रंगाला अर्थ असेल अशा प्रत्येक नकाशासाठी ए-फोर नमुना आपणहून काढून द्यायला हवा. भूगोल आणि समाजशास्त्राच्या मुलांना याची गरज कायम पडणार आहे.

आणखी काही उणिवा. जिना अरुंद आणि कठडा एकाच बाजूला, त्यामुळे पायांनी अधू असलेल्या आमच्या एका विद्यार्थ्याला खाली थांबावं लागलं. ताई फाइल फोनवर दाखवायला तयार होतात, पण समोर बसून जे काम होतं ते तसं होत नाही. दुकान सोमवारी बंद. निवडणुका आणि गणेशोत्सवाच्या आधीचे आठवडे मशीन बोर्डांत अडकलेलं असतं, तेव्हा संशोधनाचं काम मागे पडतं. पोस्टर टांगायचं काही ते देत नाहीत. परिसंवादाच्या कापडी पडद्यांवर दुहेरी टेप धरत नाही, म्हणून टाचण्या आणि वेल्क्रोची पट्टी घरून न्यावी.

तरीही पुढच्या गटाला मी इथेच पाठवणार आहे. विषय ठरतो आहे तो इचलकरंजीच्या यंत्रमागांवर रात्रपाळी करणाऱ्या परप्रांतीय कामगारांचा, ते राहतात त्या खोल्यांचा आणि स्वयंपाकाच्या पाळ्यांचा. मुलाखती हिंदीत होणार, थोड्या भोजपुरीत, तर अवतरणं कोणत्या भाषेत ठेवायची यावर वर्गात आत्ताच वाद सुरू आहेत. ताईंना फोन करून विचारलं, एका पोस्टरवर दोन भाषा नीट बसतील का? बसतील म्हणाल्या, अवतरणं मूळ भाषेतच ठेवा आणि खाली मराठी द्या, जागेचं मी बघते. तारीख जाहीर व्हायच्या आधी, दिवाळी झाली की लगेच यायला सांगितलं आहे. फाइल आणू नका, हाताने लिहिलेला कागद आणा, आधी वाचू, मग बसवू, असा त्यांचा निरोप आहे.